प्राण्यासारखी काल्पनिक पात्रं काढताना कमरेखाली सगळं बिघडतं, काय करू?

शाईचा ठिपका

नमस्कार मंडळी,

सध्या एक चित्रकथा करतोय. पात्रं दोन पायांवर चालतात, कपडे घालतात, बोलतात, पण आहेत प्राणी. मुख्य पात्र म्हणजे एक लांडगा, वेशीवरचा पहारेकरी, हातात भाला. दुसरी एक हरणी. तिला शिंगं आहेत आणि कथेत पुढे तिला पंख फुटणार आहेत.

चेहरे जमतात. खांद्यापर्यंतचं चित्र टाकलं की लोक नावाजतात. पूर्ण आकृती काढायला घेतली की मात्र कमरेखाली गडबड होते. लांडग्याचे पाय उलटे मोडल्यासारखे दिसतात आणि तो जमिनीवर उभाच वाटत नाही, कुणीतरी मानगुटीला धरून उचलल्यासारखा वाटतो. बसवला तर शेपटी कुठून काढायची ते कळत नाही. हात फैलावले की खांदे आणि छातीचा मेळ बसत नाही.

माणसाची शरीररचना बऱ्यापैकी शिकलोय. डोक्याच्या मापात उंची, स्नायूंचे मुख्य गट, हे सगळं येतं. आता प्रत्येक प्राणी वेगळा शिकायचा का? आज लांडगा, उद्या हरीण, परवा वटवाघूळ? आणि मिश्रण करताना माणसाचं काय ठेवायचं, प्राण्याचं काय घ्यायचं, हे ठरवायचं कसं? लांडग्याची तीन चित्रं खाली जोडली आहेत. स्पष्ट सांगा.

---

वेगरेषा

चेहरे खरंच सुंदर आहेत, विशेषतः दुसऱ्या चित्रातली नजर.

माझं मत विचाराल तर हाडांच्या मागे फार लागू नका. आधी जेश्चर, म्हणजे हालचाल पकडणारं झटपट रेखाटन. प्राण्यांचे व्हिडिओ लावा, मध्येच थांबवा, अर्ध्या मिनिटात पाठीच्या कण्याची एक रेघ आणि चार पायांच्या चार रेघा, बस. अशी पानंच्या पानं भरा. तुमचा लांडगा ताठ वाटतो, कारण कणा सरळसोट आहे. काल्पनिक प्राणी आहे, त्याच्या नडगीची लांबी कोण मोजायला येतंय?

---

रेघ आणि हाड

चित्रं मोठी करून पाहिली. मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी हाडांची आणि स्नायूंची चित्रं काढते, त्यामुळे माझी नजर आधी सांध्यांवर जाते. वेगरेषा यांचा जेश्चरचा सल्ला पक्का आहे, तो घ्याच. पण लांबी कोणी मोजत नाही, हे मला पटत नाही. वाचणारा मोजत नाही, पण आपण आयुष्यभर कुत्री-मांजरं पाहत आलेलो असतो. पाय चुकला की त्याला कारण सांगता येत नाही, खटकतं मात्र लगेच. तुम्हालाही तेच खटकतंय.

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक प्राणी वेगळा शिकावा लागत नाही. सस्तन प्राण्यांच्या सांगाड्याची मांडणी मुळात एकच आहे. हाडं तीच, क्रम तोच, फक्त कुठलं लांबलं, कुठलं आखडलं, काही जुळून एक झाली, काही नाहीशी झाली. जिराफाच्या मानेत मणके सात, माणसाच्या मानेतही सात. म्हणजे माणूस शिकलात तेव्हा निम्मं काम झालंय. राहिलंय ते एवढंच, की तुम्हाला माहीत असलेला प्रत्येक सांधा दुसऱ्या प्राण्यात कुठे जाऊन बसलाय ते शोधायचं.

सुरुवात पायापासून करा, कारण तुमचा लांडगा तिथेच बिघडतोय. ओळखीचा, शांत स्वभावाचा कुत्रा असेल तर त्याच्या मागच्या पायावर वरून खाली हळूच हात फिरवा. आधी मांडी लागते, पण ती जवळजवळ पोटाच्या कातडीतच दडलेली असते. तिच्या टोकाला, पोटाच्या खालच्या रेषेपाशी, पुढे आलेला एक गोल सांधा लागतो. तो गुडघा. वाटीसुद्धा बोटाला कळते. तिथून नडगी मागे उतरते आणि एका टोकदार हाडाशी थांबते. ज्याला सगळे 'उलटा गुडघा' म्हणतात ते हेच हाड, आणि ती त्याची टाच आहे. टाचेच्या वर दोरीसारखी ताठ शीर लागते, ती आपल्या पोटरीखाली असते तीच. टाचेपासून जमिनीपर्यंतचा सरळ भाग म्हणजे तळपाय. कुत्रा चवड्यांवर उभा असतो, एवढंच. तुम्हीही आत्ता टाचा उचलून, गुडघे किंचित वाकवून उभे राहा. पाय लांडग्याचा झाला.

हे एकदा हाताला कळलं की पुढचं सोपं आहे. अस्वल आपल्यासारखी टाच टेकवतं, म्हणून ते दोन पायांवर उभं राहिलं की माणूस वाटतो. कुत्रा, मांजर, लांडगा, वाघ चवड्यांवर. घोडा आणि हरीण त्याहून वर, थेट नखांवर. घोड्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख, बाकीची बोटं जवळपास गेलीच. त्याच्या पुढच्या पायाचा 'गुडघा' हे खरं तर मनगट आहे, आणि त्याखालचं लांब हाड म्हणजे तळहातातलं एक हाड. हरणाला दोन बोटं टेकतात, तिसरं आणि चौथं, म्हणून खूर दुभंगलेला. आणखी दोन छोटे खूर मागे वर लटकलेले असतात. हरणीच्या पायाला ते काढले नाहीत तर पाय अर्धवट वाटतो.

आता तुमचं पहिलं चित्र. टाच मागे काढली आहे ते बरोबर, पण तिच्या वरचा गुडघाही मागेच गेलाय. मांडी सरळ खाली, नडगी सरळ खाली आणि मग एकदम टाच मागे, असं झालंय. दोन पायांवर उभ्या लांडग्याचा पाय तीन तुकड्यांचा नागमोडी असतो: मांडी पुढे, नडगी मागे, तळपाय पुन्हा पुढे. तोल सांभाळायला एक कसोटी वापरते. खुब्याच्या सांध्यातून खाली ओळंबा सोडा, म्हणजे एक सरळ उभी रेघ. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर तो चवड्यावर किंवा त्याच्या आसपास पडायला हवा. तुमच्या चित्रात तो टाचेच्याही मागे पडतो, म्हणून पहारेकरी उचलल्यासारखा वाटतो. भाल्यावर रेलला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग भाल्याच्या बाजूचा खांदा वर चढलेला दिसला पाहिजे.

आणि एक. तळपाय लांब केलात तर नडगी आखूड करा. माणसाची मांडी, माणसाची नडगी आणि खाली लांडग्याचा लांब तळपाय अशी बेरीज केली की पाय धडाच्या दुप्पट होतात. तिसऱ्या चित्रात हेच झालंय.

माणसाचं काय ठेवायचं, हे पात्र काय करतं त्यावर ठरवा. हे मी फार जोर देऊन सांगते, कारण इथे बहुतेक जण आवडीवर ठरवतात आणि मग अंग जुळत नाही. तुमचा लांडगा भाला फेकतो का? कुणाला मिठी मारतो का? मग त्याला हासळीचं, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं आडवं हाड लागणार. लांडग्याला ते नावापुरतंच असतं, मांजराचं अगदी लहान आणि इतर हाडांपासून सुटं, घोड्याला नसतंच. या प्राण्यांचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, स्नायूंच्या झोळीत धड अडकवलेलं असतं. त्यामुळे पाय पुढे-मागे छान धावतो, पण आपल्यासारखा बाजूला फैलावत नाही. त्यांची छातीही दोन्ही बाजूंनी चपटी आणि वरून खाली खोल असते. खांद्याचं चपटं त्रिकोणी हाड त्या छातीच्या कुशीला टेकलेलं. आपली छाती पसरट आणि ते हाड पाठीवर.

तुम्ही केलंय असं, की छाती लांडग्याची, खोल आणि अरुंद, आणि हात माणसासारखे फैलावलेले. म्हणून मेळ बसत नाही. भाला धरायचा असेल तर बरगड्या, हासळी आणि खांदे माणसाचे घ्या आणि लांडगेपणा मानेत, डोक्यात, पायांत, शेपटीत आणा. तो मधूनच चारही पायांवर धावणार असेल तर मात्र छाती थोडी खोल ठेवा आणि हात फार न फैलावणारा स्वभावच त्याला द्या.

मानेचं सांगायचं राहिलं. माणसाची मान कवटीला खालून लागते, कुत्र्याची मागून. लांडग्याचं डोकं माणसाच्या धडावर ठेवताना मान सरळ वर नेऊन वर डोकं टेकवलंत की मुखवटा घातल्यासारखं दिसतं. मान खांद्यातून पुढे झुकत येऊ द्या, बुडाशी जाड ठेवा आणि कानांच्या मागे कवटीला भिडवा. तुमचं दुसरं चित्र एवढ्या बदलाने निम्मं सुधारेल.

---

शाईचा ठिपका

ओळंबा सोडून पाहिला. तिन्ही चित्रांत मागे पडतोय! इतकी चित्रं काढली पण हे तपासायचं सुचलं नव्हतं.

आता सराव कसा करू? नुसतं वाचून कळलं, हाताला यायला हवं. आणि हरणीच्या पंखांचं काय? ते पाठीवर कुठे लावायचे?

---

मातीचा गोळा

मध्येच तोंड घालतो. मी शिल्पं करतो, चित्रं कमी. कागदावर फिरवून पाहता येत नाही ते मातीत येतं. तार घ्या, कणा आणि पायांचे तीन-तीन तुकडे वाकवा, छाती आणि कमरेच्या जागी मातीचे दोन गोळे लावा. चेहरा वगैरे काही नको. ती आकृती स्वतःच्या पायांवर उभी राहते का बघा. टेकू न लावता उभी राहिली की चहूबाजूंनी फोटो काढा, तोच रेफरन्स. संगणकावर थ्रीडीत करता येतं, पण तिथे वजन नसतं, चुकीची आकृतीही निवांत उभी राहते.

---

रेघ आणि हाड

मातीचा गोळा यांची तार जरूर करा. मीही अवघड कोनांसाठी तेच करते.

कागदावरच्या सरावाचा माझा प्रकार असा. एका मोठ्या पानावर माणूस, अस्वल, लांडगा आणि हरीण बाजूने शेजारी-शेजारी काढा, फक्त सांगाडा, तोही साध्या काड्यांचा. मग चौघांची टाच लाल करा, गुडघा निळा, मनगट हिरवं, कोपर पिवळं. चारही टाचा एका दमात डोळ्यासमोर येतात आणि जी उठाठेव इतका वेळ डोक्यात करावी लागत होती ती डोळेच करू लागतात. कोपराकडे नीट पाहा. चार पायांच्या प्राण्यात ते छातीच्या खालच्या कडेपाशी असतं, तिथून खाली लोंबत नसतं.

मग फोटो घ्या आणि त्यावर पातळ थर टाकून तीन ठोकळे काढा: डोकं, छाती, कमर. त्यांना जोडणारा कणा आणि सांध्यांचे ठिपके. आता फोटो बाजूला ठेवा आणि तोच प्राणी, तीच पोझ, पण तिरप्या कोनातून आठवून काढा. खरं शिकणं या पायरीवर होतं. नुसतं गिरवून हाताला वळण लागतं, डोक्यात काही उरत नाही. आठवून काढताना जिथे हात अडखळेल तेवढंच पुन्हा फोटोत शोधा.

हालचालीसाठी एडवर्ड मायब्रिजने काढलेल्या छायाचित्रांच्या मालिका पाहा. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे त्याने १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून दाखवलं. त्याआधीची चित्रं पाहिलीत तर घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडताना दिसतात. खऱ्या घोड्याचे पाय अधांतरी असताना पोटाखाली गोळा झालेले असतात. १८८७ मध्ये त्याने कितीतरी माणसांच्या आणि प्राण्यांच्या मालिका प्रसिद्ध केल्या. जुन्या आहेत, कुणाच्या परवानगीशिवाय वापरता येतात, आणि एकेक पाऊल सुटं दिसत असल्यामुळे व्हिडिओ थांबवण्यापेक्षा मला बरं पडतं.

घोड्याचा पाय काढाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. मागच्या पायाचा गुडघा आणि टाचेचा सांधा हे दोन्ही एकत्रच दुमडतात, एकत्रच उघडतात. गुडघा दुमडलेला आणि टाच ताठ अशी पोझ खऱ्या घोड्याला घेताच येत नाही.

आता पंख. पंख हा हातच असतो. पक्ष्याच्या पंखात खांदा, कोपर, मनगट आणि जुळलेली बोटं असतात. लांब टोकाची पिसं पंखातल्या पंजाला, म्हणजे मनगटापुढच्या भागाला लागतात, त्यांच्या आतली पिसं कोपर ते मनगट या भागातल्या हाडाला. वटवाघळात अंगठा सुटा, आणि बाकीची चार बोटं लांब होऊन पडदा ताणतात. कुठलाही पंख काढा, कोपर मागे आणि मनगट पुढे. मिटला की त्याची नागमोडी घडी पडते. हे तीन तुकडे दिसले की पंख जिवंत वाटतो. एका कमानदार रेषेला पिसं चिकटवली की तो पोशाखाचा भाग वाटतो.

तुमच्या हरणीला दोन हात आणि वर पंख, म्हणजे सहा अवयव. निसर्गात असा सस्तन प्राणी नाही, त्यामुळे जागा आपणच करायची. मी असं करते: हातांच्या खांद्याच्या हाडांमागे, किंचित खाली आणि कण्याच्या जवळ, दुसरी एक लहान जोडी कल्पून घ्यायची. पंख उचलला की ती कातडीखाली सरकलेली दाखवायची, तेवढ्याने पटतं. पण ओढणारा स्नायू कुठून येणार याचाही विचार करा. पक्ष्यांना छातीच्या मधल्या हाडावर उभी पट्टी असते, तिथे पंख खाली मारणारे मोठे स्नायू धरलेले असतात. म्हणून पंखाच्या मुळापासून कुशीवरून छातीकडे येणारा एक जाड पट्टा द्या आणि तिची छाती पुढून थोडी खोल करा. पंख फुटण्याआधीची हरणी आणि नंतरची हरणी यांच्या अंगकाठीत फरक दिसला तर तुमच्या कथेलाही जोर येईल.

---

वेगरेषा

ओळंब्याची कसोटी माझ्या जेश्चरच्या पानांवर लावून पाहिली. जी पानं मला आवडायची त्यांत तो बरोबरच पडतोय. म्हणजे दोन्हीकडून तिथेच पोचतो आपण. नडगीबद्दलचं विधान मागे घेतो.

हरणीचा प्रश्न आलाच आहे तर मीही विचारतो. हसणारं हरीण काढताना तोंड माणसासारखं का होतं?

---

रेघ आणि हाड

दातांमुळे. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक हिरडी असते. खालचे पुढचे दात तिच्यावर टेकतात, मग मोठी मोकळी जागा, आणि पार मागे दाढा. आपण सवयीने वर दातांची ओळ काढतो आणि हरीण संपतं. तिला ओठ मिटून, गालाने आणि कानाने हसवा. गाय-हरणांत जबडा चालवणारा मोठा स्नायू गालावर असतो, शिकारी प्राण्यांत कानशिलावरचा मोठा. म्हणून लांडग्याचं डोकं कानांसमोर रुंद भरलेलं आणि हरणीचा मागचा गाल भरलेला, मुस्कट निमुळतं. बाहुल्याही वेगळ्या. लांडग्याची गोल, हरणाची आडवी, घरच्या मांजराची उभी फट. वाघ-सिंहांची मात्र गोल, तिथे पुष्कळ जण उभी फट काढतात.

हरणीची शिंगं कपाळाच्या हाडातून, डोळ्यांच्या वर-मागे उगवू द्या. हरणाची शिंगं हाडाची, दरवर्षी गळणारी, फांद्या फुटणारी. गाय-बकरीची आत हाड आणि वर नखासारखं आवरण, ती गळत नाहीत. दोन्हींची सरमिसळ करायला माझी हरकत नाही, पण मोठी शिंगं दिलीत तर मानेचं मूळ जाड करा, त्यांचं ओझं कुणीतरी पेलायला हवं.

---

शाईचा ठिपका

नवा लांडगा जोडला आहे. छाती माणसाची केली, मान पुढे घेतली, नडगी आखूड केली. आता तो उभा वाटतोय! अंगावर केस काढायला घेऊ का? आणि बसलेल्या पोझमधली शेपटी अजून राहिलीच आहे.

---

रेघ आणि हाड

फार छान झालाय. डाव्या पायावरचा भार अगदी स्पष्ट कळतो. डाव्या बाजूची कमर किंचित वर घ्या, म्हणजे उजवा पाय सैल वाटेल.

केस आता घ्यायला हरकत नाही. नाकापासून मागे आणि कण्यापासून खाली अशी त्यांची दिशा धरा. सगळ्या कडेला सारखे काढू नका. कोपर, टाच, गुडघा या जागी केस अंगालगत असतात, तिथे कडा स्वच्छ ठेवा. मानेभोवती, मांडीच्या मागे आणि शेपटीला मोकळे सोडा. असं केलं की केसांच्या आतही सांधे वाचता येतात.

शेपटी हा कण्याचाच पुढचा भाग आहे. तुमचं माकडहाड जिथे लागतं तिथून, नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकापासून, ती निघते. तुम्ही ती कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर लावली आहे, दोन बोटं खाली आणा आणि पाठीची रेघ न तोडता तिच्यात वळवा. पट्टा मग शेपटीच्या मुळाच्या वरून जाईल किंवा मागे त्याला खाच द्यावी लागेल, तेही ठरवून टाका. बसताना माणूस नितंबांच्या हाडांवर बसतो, माकडहाड जमिनीपासून थोडं वर राहतं. त्यामुळे शेपटीला मागे निघायला जागा आहे. पाठ टेकून बसवलात तर ती एका कुशीला वळवावीच लागेल, आणि मग कमरही त्या बाजूला जराशी कलू द्या. पुढचं चित्र मागून किंवा तिरप्या कोनातून टाका, समोरून काढलंत तर शेपटीचं मूळ दिसणारच नाही आणि मला काही सांगता येणार नाही.